बारा दिवसांचा तक्ता आणि गाडीतली शांतता

प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या आहेत आणि पतीसह कॅलिफोर्नियात राहतात. लग्नाला २६ वर्षे झाली आहेत. धाकटा मुलगा गेल्या वर्षी शिक्षणासाठी घराबाहेर पडला. पतींनी जुलै महिन्यात बारा दिवस गाडीने फिरण्याचा बेत आखला आहे. मोहावी वाळवंटातून ‘रूट ६६’ या जुन्या महामार्गाने ॲरिझोना, तिथून मॉन्युमेंट व्हॅली, मग नेवाडातली छोटी गावे आणि शेवटी डेथ व्हॅली असा मार्ग आहे. प्रत्येक दिवसाचे अंतर, थांबे आणि मुक्काम यांचा तक्ता तयार असून मोटेलांची आरक्षणेही झाली आहेत. बाईंना हे सगळे झाल्यावर कळले. त्या लिहितात, ‘मला वाळवंट आवडत नाही आणि त्या गावांत पाहण्यासारखे काही नसते. पण खरी भीती वेगळी आहे. मुले गेल्यापासून आमच्यात बोलायला विषयच उरलेला नाही. घरात ते झाकले जाते. गाडीत रोज आठ तास कसे झाकणार? आपल्या नात्यात काही शिल्लक नाही, हे या प्रवासात दोघांनाही कळून चुकेल असे वाटते.’ सरळ नकार द्यावा, एका मैत्रिणीला आणि तिच्या पतींना सोबत घ्यावे, की विमानाने एखाद्या शहरात जाऊन यावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

आधी महिन्याविषयी लिहिते. बाकीच्या गोष्टींवर सावकाश विचार करता येईल, या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. जुलैत हा प्रवास करू नका. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जगातील हवेच्या सर्वाधिक तापमानाची अधिकृत नोंद म्हणून ती आजही धरली जाते. तो एक दिवस बाजूला ठेवला, तरी तिथल्या जुलैतील कमाल तापमानाची सरासरीच ४७ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका, असे राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी स्वतःच सांगतात. म्हणजे तुमच्या बहुतेक दुपारी गाडीच्या नाही तर मोटेलच्या बंद काचांआड जातील आणि ज्या कोंडीला तुम्ही घाबरत आहात, ती उन्हामुळेच तयार होईल. त्यातच १५ जून ते ३० सप्टेंबर हा नैर्ऋत्य अमेरिकेतला मान्सूनचा काळ असतो. दूरच्या डोंगरावर पाऊस पडतो आणि निरभ्र आकाशाखालच्या कोरड्या ओढ्याला पाहता पाहता पूर येतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध त्यापेक्षा कितीतरी चांगला. मोटेलची खोली बहुतेक ठिकाणी रद्द करता येते किंवा तारीख पुढे ढकलता येते. आरक्षण झाले आहे एवढ्यासाठी जुलैत जाणे योग्य नाही.

तारीख बदलायची म्हटली की तक्ता पुन्हा उघडावा लागेल, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे. फक्त एक काळजी घ्या. उन्हाचे कारण खरे असले तरी त्याच्या आड लपू नका. ‘जुलै नको’ एवढेच बोललात तर तुमचे पती जुलै काढून ऑक्टोबर घालतील, बाकीचे सगळे रकाने जसेच्या तसे राहतील आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी उभ्या असाल. ‘ठरवण्याआधी मला विचारले नाहीत, त्याचे मला वाईट वाटले’ हे वाक्य वेगळे आणि स्पष्टपणे बोलायला हवे.

हे सुचवण्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुम्हाला वाळवंट आवडत नाही असे तुम्ही लिहिता, परंतु कोणते वाळवंट पाहिले आणि त्यात काय खटकले, याविषयी एक शब्दही नाही; तक्ता तुम्हाला कसा दाखवला गेला याविषयी मात्र पाऊण पान आहे. म्हणून विचारते: हाच मार्ग, हीच गावे, पण नकाशा पसरून ‘कुठून कुठे जाऊ या?’ असे त्यांनी आधी विचारले असते, तर तुमचे उत्तर काय असते? तरीही ‘नको’च आले असते, तर वाळवंट सोडा आणि दुसरीकडे जा, त्यात काहीही गैर नाही. पण त्या कल्पनेने मन थोडे जरी मऊ झाले असेल, तर तुमचे भांडण विचारले न जाण्याशी आहे, आणि ते घेऊन तुम्ही एखाद्या शहरात गेलात तरी ते हॉटेलच्या खोलीत सोबत येईलच.

आता तक्त्याविषयी. त्यात सत्ता गाजवणे आहे असे तुम्हाला वाटते. काही प्रमाणात ते असेलही. २६ वर्षांच्या संसारात कोणाचे न विचारता ठरवणे सवयीचे होते आणि कोणाचे न बोलता मान्य करणे. परंतु तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली एक ओळ मला पुन्हा वाचावीशी वाटली. सहाव्या दिवशी त्यांनी नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाजवळचा मुक्काम ठेवला आहे, कारण आपण आकाशगंगा कधी नीट पाहिलेली नाही असे तुम्ही काही वर्षांपूर्वी बोलून गेला होता. आणि तुम्ही चिडला आहात, कारण दिवसभराच्या प्रवासानंतर तुम्ही तिथे पोहोचून झोपूनच जाल. तुमची चीड रास्त आहे. तरीही तुम्ही कधीतरी सहज उच्चारलेले वाक्य या माणसाने जपून ठेवले होते, ही गोष्टही त्याच ओळीत आहे. जागाही त्यांनी विचारपूर्वक निवडली आहे. २०१६ मध्ये त्या उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली आणि शेजारचे बेकर हे गाव इतके लहान आहे, की त्याच्या दिव्यांचा आकाशाला उपद्रव होत नाही. चुकला आहे तो त्या दिवसाचा हिशेब.

तो हिशेब मांडून पाहू, कारण असे दिवस पुष्कळ जोडप्यांच्या बेतात असतात. सकाळी मॉन्युमेंट व्हॅलीजवळच्या केयेंटाहून निघायचे, पेज, कनाब, सीडर सिटी आणि मिलफर्ड करत रात्री बेकरला पोहोचायचे: जवळजवळ ४०० मैल. मिलफर्ड सुटले की पुढचे ऐंशीहून अधिक मैल पेट्रोल पंप नाही. त्यात घड्याळाचा गोंधळ. ॲरिझोना राज्य उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेण्याची पद्धत) पाळत नाही, पण त्याच राज्यातला नव्हाहो राष्ट्राचा, म्हणजे नव्हाहो या मूळनिवासी लोकांचा, प्रदेश पाळतो. त्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी उन्हाळी वेळ संपेपर्यंत केयेंटाहून पेजला येताना घड्याळ एक तास मागे जाते, युटात शिरताना एक तास पुढे येते आणि नेवाडात पुन्हा मागे जाते. एका दिवसात तीन बदल, त्यावर फोनमधले घड्याळ मधूनच भलतीच वेळ दाखवणार, आणि ‘सातपर्यंत पोहोचू असे म्हणाला होतात’ या वाक्यावरून रात्री आठला वाद. असा दिवस कोणत्याही नात्याविषयी काहीही सिद्ध करत नाही. त्याचे दोन भाग करा आणि कनाबला मुक्काम वाढवा. माझ्या मते दिवसाला २०० मैल, फार तर अडीचशे, एवढेच अंतर असावे आणि चार दिवसांतून एक दिवस गाडी जागची हलू नये. बारा दिवसांत सगळे बसत नसेल तर मॉन्युमेंट व्हॅली किंवा डेथ व्हॅली यांपैकी एक पुढच्या खेपेसाठी ठेवा.

ज्या शांततेची तुम्हाला भीती वाटते, तिच्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. मुले घरी होती तेव्हा तुम्ही दोघे कशाविषयी बोलत होता, हे आठवून पाहा. कोणी कोणाला आणायला जायचे, शुल्क भरले का, दाताच्या डॉक्टरांकडे कधी जायचे. ते बोलणे खरे होते आणि त्यावर घर चालले. पण त्यातले बरेचसे कामाचे बोलणे होते. काम संपले म्हणून ते थांबले. यावरून नाते संपले असा निष्कर्ष निघत नाही. इतकेच दिसते, की कामाशिवाय बोलण्याची सवय फार वर्षे वापरात नाही आणि अशी सवय पहिल्याच दिवशी आठ तास टिकणार नाही. ती टिकण्याची गरजही नाही. गाडीची एक सोय मला फार मोलाची वाटते: दोघांची नजर समोर रस्त्यावर असते. समोरासमोर बसून जे उच्चारता येत नाही, ते शेजारी बसून काचेबाहेर पाहत सांगता येते, आणि उत्तर लगेच आले नाही तरी अवघड होत नाही, कारण मधला वेळ रस्ता भरून काढतो. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही तासन्‌तास गप्प बसाल. बसा. रेडिओ लावून किंवा फोन काढून ती पोकळी लगेच बुजवू नका, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा मनातल्या मनात अर्थही लावू नका. ‘काय विचार करत आहात?’ असे विचारले आणि ‘काही नाही’ असे उत्तर आले, तर ते खरे असू शकते.

माझ्या अनुभवात गाडीतली कटुता शांततेतून क्वचितच येते. ती येते कामांच्या वाटणीतून. एकाने बारा दिवस गाडी चालवायची आणि दुसऱ्याने नकाशा धरायचा असे ठरले, की वळण चुकल्याचा दोष कायम नकाशावाल्याच्या खाती जमा होतो आणि उशिराचा थकवा कायम चालवणाऱ्याच्या. तुम्ही उत्तम गाडी चालवता, रोज महामार्गाने कामावर जाता असे लिहिता, आणि तरी तक्त्यात तुमच्या नावापुढे चालवण्याचा एकही तास नाही. हे बदला. दर दोन तासांनी जागा बदलायची, हा नियम निघण्यापूर्वीच करा. दुसरा नियम असा, की कुठे थांबायचे हे न चालवणाऱ्याने ठरवायचे आणि चालवणाऱ्याने त्याला नाही म्हणायचे नाही. धोका दिसत नसेल तर दुसऱ्याच्या चालवण्यावर बोलायचे नाही, हा तिसरा. पाळायला तो सर्वांत कठीण आहे.

नेवाडात ऑस्टिन आणि युरेका यांच्या मधल्या ७० मैलांत आमचा टायर फाटला होता. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती. ती तपासायचे काम कोणाचे होते, यावर आम्ही सुमारे वीस मिनिटे घालवली आणि मदत येईपर्यंतचे दोन तास गाडीच्या सावलीत बसून काढले. त्या दिवसापासून निघण्याआधीची तपासणी आम्ही दोघे मिळून करतो, म्हणजे नंतर हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

मैत्रिणीला आणि तिच्या पतींना सोबत घ्यावे का? मी घेणार नाही. चौघे असले की गप्पा होतील हे खरे, पण बहुतेक वेळा दोघे पुरुष पुढे आणि दोघी बायका मागे बसतील, आणि बारा दिवसांनी तुम्ही मैत्रिणीला अधिक ओळखू लागाल, पतींना मात्र निघताना ओळखत होता तेवढेच. एकमेकांना टाळण्याचा तो सभ्य मार्ग आहे. विमानाने शहरात जाण्यात दोष नाही, मात्र तिथे दिवसभर करमणूक असते आणि तुमचा प्रश्न न उघडता परत आणता येतो. सरळ नकार हा या तिन्हींत मला प्रामाणिक वाटतो, जर कारण सांगून दिला तर. तुमची तयारी नसेल तर आधी चार दिवसांचा छोटा प्रवास करा: कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोहून जुन्या रूट ६६ने ॲरिझोनातल्या किंगमन, सेलिग्मनपर्यंत आणि परत. वाटेतल्या अँबॉयच्या परिसरातले जुने लाकडी पूल पुरांनी निकामी झाल्यामुळे त्या रस्त्याचे काही भाग वर्षानुवर्षे बंद राहिले आहेत, तेव्हा कोणता भाग खुला आहे हे आधी पाहून घ्या.

त्या गावांत पाहण्यासारखे काही नसते, हे तुमचे म्हणणे गाडी न थांबवणाऱ्यासाठी अगदी खरे आहे. रूट ६६ला १९२६ मध्ये क्रमांक मिळाला आणि १९८५ मध्ये तो राष्ट्रीय मार्गांच्या यादीतून वगळला गेला. सेलिग्मनला त्याचा फटका आधीच, १९७८ मध्ये, नवा महामार्ग गावाबाहेरून गेला तेव्हा बसला; दिवसभर वाहणारी रहदारी एकदम आटली. एंजल डेल्गाडिलो या तिथल्या न्हाव्याने गावकऱ्यांना आणि आसपासच्या गावांना एकत्र करून १९८७ मध्ये संघटना उभी केली आणि ॲरिझोनाला त्या रस्त्याला ऐतिहासिक मार्ग म्हणून मान्यता द्यायला लावली. आज प्रवासी तिथे जातात ते त्यामुळे. नेवाडातल्या गोल्डफील्डला सोन्याच्या भरभराटीत, १९०७च्या सुमारास, वीस हजारांच्या आसपास वस्ती होती आणि ते राज्यातले सर्वांत मोठे शहर होते. आता तिथे काहीशे माणसे राहतात, पण तेव्हा बांधलेल्या दगडी न्यायालयातून परगण्याचा कारभार अजून चालतो. अशा गावात दहा मिनिटे थांबून छायाचित्र काढले तर हाती काही लागत नाही. दुपारी तीनला पोहोचा, सामान खोलीत टाका, मुख्य रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, आणि छोटेसे संग्रहालय उघडे असेल तर तिथे बसलेल्या माणसाला बोलते करा. ती माणसे मनापासून बोलतात, आणि संध्याकाळी तुम्हा दोघांकडे मुलांव्यतिरिक्त एक विषय असतो. ‘यूएस ५०’ या रस्त्यालाही वेळ द्या. १९८६ मध्ये एका नियतकालिकाने त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता ठरवले, आणि नेवाडाने ते बिरुद आनंदाने स्वीकारून गावोगावी शिक्का मारून घेण्याची पुस्तिका काढली. फॅलन ते ऑस्टिन ११० मैलांच्या आसपास आहे आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही. तिथली शांतता मला तरी आवडते.

सुरक्षेच्या गोष्टी तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही लिहिते. दर माणशी दर दिवशी किमान चार लिटर पाणी गाडीत हवे, आणि त्याशिवाय काही लिटर राखून ठेवलेले. टाकी निम्मी झाली की पुढच्या पंपावर भरायची. मोठ्या भागात फोन लागत नाही आणि फोनवरचा नकाशा जुन्या खाणींचे कच्चे रस्तेही हमरस्त्यासारखे दाखवू शकतो, म्हणून कागदी नकाशा ठेवा आणि रोजचा मार्ग घरच्या कोणाला तरी कळवा. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नका. दुरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. लांब चढावर इंजिन तापू लागले तर एसी बंद करा आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मागे वळा, कारण फूटभर वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. धुळीच्या वादळात सापडलात तर गाडी डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, सगळे दिवे बंद करा, हातब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक तुम्ही रस्त्यावरच चालला आहात असे समजून तुमच्या मागे येतो आणि धडकतो. अंधारात गाडी चालवू नका, कारण मोकळ्या चराईच्या भागात गुरे रस्त्यावर उभी असतात, आणि ऑक्टोबरअखेरीस दिवस लहान असतो हे अंतर ठरवतानाच धरा. गरम कपडे न्या. ऑस्टिन आणि ईली ही गावे सहा हजार फुटांहून उंच आहेत आणि तिथे रात्री पाणी गोठते.

शेवटी, पतींशी बोलायचे कसे हेही तुम्ही विचारले आहे. नात्याची भीती पहिल्याच वाक्यात मांडू नका. आधी तक्ता मागा आणि त्यांच्यासमोर बसून वाचा. तुम्हाला नको असलेली दोन ठिकाणे खोडा, हवी असलेली दोन घाला आणि चालवण्याचे तास दोघांच्या नावे लिहा. न विचारल्याचे वाईट वाटले, हे तेव्हाच सांगा. ते बचाव करू लागले तर त्यांना बोलू द्या आणि सहाव्या दिवसाकडे या: ही जागा तुम्ही का निवडली, असे विचारा. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पण ते त्यांच्या तोंडून ऐका. मग त्या दिवसाचे अंतर तोडून बेकरला दोन रात्री करा, कारण एका रात्री ढग असू शकतात. चंद्र नसेल तरच आकाशगंगा नीट दिसते, म्हणून ऑक्टोबरातली अमावास्या कधी आहे ते पाहून प्रवासाची तारीख ठरवण्याचे काम या वेळी तुम्ही स्वतःकडे घ्या.